कापडाचे गुऱ्हाळ

अर्ज लिहिणाऱ्या माणसालाही राग येतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. दुसऱ्यांचा राग मी रोज कागदावर उतरवतो, त्यातल्या शिव्या गाळतो, उरलेल्या मजकुराला नम्र विनंती असे नाव देतो आणि खाली सही किंवा अंगठा घेतो. माझा स्वतःचा राग मात्र मी एकही अर्ज न देता शेवटाला नेला. तो कसा नेला ते सांगण्यासाठी हे लिखाण आहे. खेद व्यक्त करण्यासाठी ते लिहिलेले नाही, हे आधीच नमूद करतो.

वडूजच्या तहसील कचेरीबाहेर, पत्र्याच्या छपराखाली माझे टेबल आहे. शाळा मी नववीत सोडली. पुढचे शिक्षण सरकारी पत्रव्यवहार वाचून घेतले आणि ते अद्याप चालू आहे. वारसनोंद, शेतरस्ता, बांधाचा वाद, माजी सैनिकांचे निवृत्तिवेतन, यांपैकी कोणत्याही विषयावर मी लिहिलेला अर्ज कारकून पहिल्या वाचनात परत करत नाही. नवे साहेब बदलून आले की पहिल्या महिन्यात विचारतात, ही भाषा कोणाची. तालुक्यात याहून मोठी पदवी मला नको होती. पदवी मला माझ्या मुलीच्या हातात पाहायची होती.

तिने सांगलीच्या कॉलेजात फॅशन डिझाइनच्या पदवीला प्रवेश घेतला तेव्हा आमच्या गल्लीने मला पुष्कळ ऐकवले. मशीन घरात असताना शिवण शिकायला सांगलीला कशाला, असे एकाने विचारले. दुसरा म्हणाला, पोरगी आता फाटकी पँट नवी म्हणून विकणार. तिची पदवी भिंतीवर लागली की उत्तर आपोआप दिले जाईल, असे मी मनात धरले होते.

तिसऱ्या वर्षाचा नियम असा होता की विद्यार्थ्याने एखाद्या आस्थापनेत राहून प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा, केलेल्या कामाचे प्रमाणपत्र आणावे आणि त्या कामाचे नमुने किंवा फोटो परीक्षकांपुढे मांडावेत. मुले याला इंटर्नशिप म्हणतात. कॉलेजच्या पत्रात 'आस्थापना' हा शब्द होता आणि तो मला आवडला. मी पत्नीला त्याचा अर्थ समजावून सांगितला. ती म्हणाली, म्हणजे दुकानच ना.

दुकानच होते. सांगलीत विश्रामबागेकडे, काचेच्या दाराचे, आत गार हवा सोडलेले बुटीक. मालकीण पुण्याला शिकून आलेल्या होत्या. त्यांना सगळे नुसते बाई म्हणत, मीही इथे तेच म्हणेन. संक्रांत झाली आणि मुलगी तिथे रुजू झाली. इंटर्नशिपच्या काळात वसतिगृहात राहता येत नव्हते, म्हणून ती कुंडलला मावशीकडे राहिली आणि रोज एसटीने सांगलीला जाऊन येऊन करू लागली.

पहिले काही दिवस तिने फॉल लावले, हुक लावले, काजे केली, चहाचे कप विसळले आणि गिऱ्हाइकांनी उलगडून टाकलेल्या साड्यांच्या घड्या घातल्या. फोनवर ती हे सांगे तेव्हा मी तिला धीर देत असे. मीही उमेदवारीत आमच्या आधीच्या अर्जनवीसांच्या दौतीत शाई भरली आहे. काम शिकणाऱ्याने पडेल ते काम करावे, याविषयी माझी तक्रार नव्हती आणि आजही नाही.

तक्रार दोन गोष्टींबद्दल होती.

पहिली अशी. बाईंच्या मुलीचे लग्न ठरले होते आणि लग्नात रुखवत मांडायचे होते. नवरीने आपल्या हाताने केलेल्या वस्तू वऱ्हाडापुढे मांडायच्या, म्हणजे सासरच्या बायका त्यावरून तिचा हात ओळखतात, ही आपल्याकडची रीत. हल्ली पुष्कळ लोक रुखवत विकत आणतात आणि तसे सांगतातही. बाईंना विकतचे नको होते. त्यांनी माझ्या मुलीला मागच्या खोलीत बसवले, दुकानातली कातरणे तिच्यापुढे ओतली आणि सांगितले की आता तुझे काम हेच. इंटर्नशिप संपेपर्यंत ते तेच राहिले. फोन सकाळी आल्याबरोबर बाईंच्या ड्रॉवरमध्ये ठेवावा लागे, कारण गिऱ्हाइकांची डिझाइन्स बाहेर जाऊ नयेत. त्यामुळे केलेल्या कामाचा एकही फोटो तिच्याजवळ नव्हता.

काय केले होते ते तिने मला तोंडी सांगितले. खण, इरकल, खादी आणि जुन्या घोंगडीचे तुकडे घेऊन तिने कापडाचे एक गुऱ्हाळ उभे केले. चुलवाण, त्यावर काहील, काहिलीत ढवळणारा गुळव्या, ऊस वाहणारी बैलगाडी, आणि भोवती वीतभर उंचीची माणसे. प्रत्येकाचा पोशाख वेगळा आणि खरा. नऊवारीला काष्टा, इरकलीला तिचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा टोप पदर, धनगराच्या खांद्यावर घोंगडे, पाटलाच्या डोक्याला फेटा. नवरा मुलगा फौजेत होता, म्हणून काहिलीजवळ रजेवर आलेला एक जवानही होता, त्याच्या छातीवर रिबनची पट्टी. ती म्हणायची, आप्पा, मी तीन वर्षांत पोशाखाबद्दल जे शिकले ते सगळं त्यात आहे.

बाई खुर्चीतून न उठता, लांबूनच वस्तूकडे नजर टाकत आणि म्हणत, "उसव. परत घाल." टाका सरळ असला तरी म्हणत. काय चुकले हे सांगत नसत. मुलगी उसवायची आणि परत घालायची. हे दोन शब्द मी फोनवर इतक्या वेळा ऐकले की मला ते पाठ झाले.

दुसरी तक्रार माझी स्वतःची आहे. एकदा गिऱ्हाईक बायका बसलेल्या असताना कोणीतरी मुलीला विचारले, गाव कोणते, वडील काय करतात. तिने सांगितले, वडूज, वडील कचेरीत अर्ज लिहितात. बाई हातातल्या कापडावरून नजर न उचलता म्हणाल्या, "कचेरीबाहेर बसतात ते? अजून असतात का तसले लोक? मला वाटलं मोबाईल आल्यावर संपले." बायका हसल्या. हे मुलीने मला सांगितले नाही. तिने मावशीला सांगितले, मावशीने तिच्या बहिणीला, म्हणजे माझ्या पत्नीला, आणि पत्नीने मला जेवताना सांगितले. मी जेवण पूर्ण केले. पण त्या दिवसापासून त्या काचेच्या दाराविषयी माझ्या मनात जे बसले, ते तिथून हलले नाही.

इंटर्नशिप संपली आणि प्रमाणपत्र मिळाले. त्यात लिहिले होते की सदर विद्यार्थिनीने दुकानातील किरकोळ कामात मदत केली. मुलीने फोटो काढू देण्याची विनंती केली, तेव्हा बाईंनी सांगितले की लग्नाच्या वस्तू आहेत, बाहेर दिसता कामा नयेत, आणि हे नवरीनेच केले आहे असेच सगळ्यांना सांगायचे आहे, लक्षात ठेव. कॉलेजच्या मॅडमनी ते प्रमाणपत्र पाहून स्पष्ट केले की किरकोळ कामाला गुण देता येत नाहीत. पाडव्यानंतर परीक्षक येणार होते. त्यांच्यापुढे नमुने, फोटो किंवा केलेल्या कामाचा लेखी दाखला ठेवला नाही, तर इंटर्नशिप पुन्हा करावी लागेल आणि वर्ष वाया जाईल.

मी तीन मसुदे केले. एक प्राचार्यांना, एक कामगार अधिकाऱ्यांना, आणि एक असा की तो वाचून बाईंनी दुकानाची काच आतून झाकून घेतली असती. तिन्ही उत्तम उतरले होते. मुलीने ते वाचले आणि मला पाठवू दिले नाहीत. ती म्हणाली, "आप्पा, तक्रार गेली की सांगलीत कुठलंच दुकान आमच्या कॉलेजच्या पोरी घेणार नाही. माझ्या मागून येणाऱ्यांनी काय करायचं?" मी मसुदे ड्रॉवरमध्ये ठेवले. रद्द केले नाहीत.

त्याच आठवड्यात आमच्या गावचे सुभेदार माझ्या टेबलाशी लग्नाची पत्रिका घेऊन आले. सुभेदारसाहेब निवृत्त आहेत. त्यांच्या निवृत्तिवेतनाची फाईल अडली होती तेव्हापासूनचा सगळा पत्रव्यवहार माझ्या हातचा आहे, त्यामुळे त्यांच्या घरी मला मान आहे. मुलगा फौजेत, सून सांगलीची, एवढे मला माहीत होते. पत्रिकेवर नवरीच्या आईचे नाव वाचले आणि मी ती पत्रिका दोन्ही हातांनी धरली. आमच्या भागातली स्थळे सांगलीकडे जातात, तिकडची इकडे येतात, यात नवल काही नाही. तरीही मला त्या वेळी वाटले की माझ्या टेबलावर पोचलेला हा कागद योग्य ठिकाणी पोचला आहे. मी सुभेदारसाहेबांना विचारले, वऱ्हाडात जागा आहे ना. ते म्हणाले, "तुमच्याशिवाय वऱ्हाड कसलं."

म्हणजे मी वरपक्षाचा माणूस म्हणून जाणार होतो, आणि बाई मुलीची आई म्हणून हात जोडून दारात उभ्या राहणार होत्या.

तशाच त्या उभ्या होत्या. माझ्यावर त्यांनी गुलाबपाणी शिंपडले आणि या, असे म्हटले. त्या मला ओळखत नव्हत्या. मी पांढरा नेहरू शर्ट आणि नवी टोपी घातली होती, आणि खिशात एक वाक्य तयार करून आणले होते. वाक्य असे होते, की हे रुखवत ज्या मुलीने केले तिला तुम्ही लग्नाचे साधे निमंत्रणही दिले नाही. ते भर कार्यालयात, मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचे, असा माझा निश्चय होता.

रुखवत कार्यालयाच्या एका बाजूला लांब टेबलांवर मांडले होते. ते मी प्रथम तिथे पाहिले. मुलीने सांगितले त्यातले काही कमी नव्हते आणि सांगण्यात न आलेले पुष्कळ होते. काहिलीतल्या गुळाला तिने पिवळ्या रेशमाच्या इतक्या छटा दिल्या होत्या की तो उकळतो आहे असे वाटे. पत्नी माझ्या बाजूला उभी होती. तिने बैलाच्या पाठीवरच्या झुलीला बोट लावले आणि हळूच म्हणाली, ही माझ्या जुन्या चोळीची बाही. तेवढे बोलून तिने पदर तोंडाला लावला.

वऱ्हाडाच्या बायका भोवती जमल्या होत्या. सुभेदारांच्या पत्नींनी, ज्यांना मी वहिनी म्हणतो, हे सगळे कुणी केले म्हणून विचारले. बाई मागून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या मुलीनंच. लहानपणापासून आवड आहे तिला."

माझे वाक्य जिभेवर आले होते. पण मी ते बोललो नाही, आणि त्याचे श्रेय मी माझ्या व्यवसायाला देतो. ते तिथे बोललो असतो तर मला भांडखोर ठरवून दोन माणसांनी जेवणाच्या पंगतीकडे नेले असते, सुभेदारांची मान खाली गेली असती आणि संध्याकाळपर्यंत सगळे मिटले असते. विरुद्ध पक्षाने आपण होऊन दिलेला जबाब कधी खोडायचा नसतो. तो साक्षीदारांसमोर पक्का करून घ्यायचा असतो.

मी टोपी सारखी केली आणि बाईंना अदबीने विचारले, सगळे मुलीनेच का. त्या हो म्हणाल्या. गुऱ्हाळसुद्धा? हो. ही नऊवारी नेसवण्याची, फेटे बांधण्याची समज तिची स्वतःची? बाई हसून म्हणाल्या, अहो, तिच्याच हातचं आहे, आम्ही दोरासुद्धा ओवून दिला नाही. हे शेवटचे वाक्य मी मागितले नव्हते. ते त्यांनी वरकड दिले. मी आजूबाजूला पाहिले. ऐकणाऱ्या बायका पुष्कळ होत्या आणि त्यांतली एकही ते विसरणारी दिसत नव्हती.

मग मी वहिनींकडे वळून म्हणालो, "वहिनी, वैशाखात तुमच्या लेकीचं लग्न आहे. आता रुखवताची चिंता तुम्ही करायची नाही. असा हात घरात आला आहे."

वहिनींचा चेहरा उजळला. त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आवं भावजी, माझ्या मनात तेच हुतं. विहीणबाई, ऐका. आमच्या पोरीचं रुखवत आता सूनबाईच करणार. ह्येच्यापेक्षा लय भारी."

नवरी मुंडावळ्यांच्या आडून आईकडे पाहत होती. बाई अजून हसत होत्या, परंतु ते हसू मघाचे नव्हते. मी जेवायला गेलो. जिलेबी मी एरवी खात नाही, त्या दिवशी मागून घेतली.

परतताना गाडीत पत्नीने विचारले की तुम्ही बोलायला आला होता ना, मग त्या बाईचे कौतुक का केलेत. मी म्हणालो, कौतुक केले नाही, जबाब घेतला. तिला ते त्या दिवशी समजले नाही. महिना व्हायच्या आत समजले.

रुखवत रीतीप्रमाणे नवरीबरोबर सुभेदारांच्या घरी आले आणि पुढच्या खोलीत मांडले गेले. वहिनींनी गल्लीतल्या प्रत्येक बाईला ते दाखवले आणि प्रत्येकीला सांगितले की वैशाखात याहून मोठे होणार आहे. त्यांनी बाजारातून खण आणले, दोरे आणले, सुनेपुढे ठेवले. सुनेने एक बाहुली केली. तिची मान राहत नव्हती. दुसरी केली, ती नवरीपेक्षा विदूषक अधिक दिसत होती. मग सुनेने मनगट दुखते असे सांगितले. गिरणीत दळण टाकायला आलेल्या वहिनी माझ्या पत्नीला म्हणाल्या, "माहेरात हात चालत हुता. सासरात आल्याबरुबर मनगाट धरलंय. लेकीला कामाला लावायचं न्हाई असं विहिणीनं शिकवून धाडलंय, दुसरं काय न्हाई." पत्नीने हे मला शब्दशः सांगितले, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे होते त्याला मी समाधान म्हणेन.

मी काही केले नाही. मी माझ्या टेबलावर बसून राहिलो. फळ पिकत असताना झाडाखाली बसलेल्या माणसाला दुसरे काम नसते.

बाई आल्या तेव्हा माझ्यापुढे बांधाच्या वादाचे दोन भाऊ बसले होते आणि बाकावर जागा नव्हती. त्या मोटारीतून उतरल्या, कोणाला तरी विचारले आणि माझ्या टेबलापाशी येऊन थांबल्या. त्या दुकानात राबलेल्या मुलीच्या बापाला शोधत आल्या होत्या, वरपक्षातल्या त्या टोपीवाल्याला नव्हे. दोघे एकच आहेत हे त्यांच्या ध्यानात आले तो क्षण मी पाहिला. त्यांनी उन्हाचा चष्मा काढला आणि पुन्हा घातला. मी भावांचा अर्ज पुरा केला. वाचून दाखवला. थोरल्याला एक शब्द पसंत पडला नाही, तो बदलला. त्यानंतर एका म्हातारीचा रेशनकार्डाचा अर्ज होता, तोही घेतला. बाई उन्हात उभ्या होत्या. बाक रिकामे झाल्यावर मी म्हणालो, "बसा. अर्ज लिहिणारे अजून आहेत, बाई."

त्या बसल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की मुलीची सासरी फार कुचंबणा होते आहे, तेव्हा माझ्या मुलीने गुपचूप नवे रुखवत करून द्यावे, ते बाई रातोरात आपल्या मुलीच्या खोलीत पोचवतील. माझ्या मुलीचा हात फार चांगला आहे आणि हे त्या पहिल्यापासून म्हणत होत्या, असेही त्या म्हणाल्या. मी म्हणालो की प्रमाणपत्रात तसे दिसत नाही.

कागद घेऊन मी तिथेच नव्या प्रमाणपत्राचा मसुदा केला. उत्तम हस्तकौशल्य, अलौकिक कल्पकता, पारंपरिक पोशाखाचा सखोल व्यासंग, सगळे त्यात घातले. दुसऱ्या परिच्छेदात लिहिले, की हे रुखवत आपल्या मुलीने केले असे बाईंनी लग्नात सर्वांसमोर सांगितले ते खोटे होते, आणि याची एक प्रत सुभेदारांकडे जाईल. बाईंनी तो परिच्छेद वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाईट वाटले नाही. मागच्या खोलीत उसवत बसलेल्या मुलीचे डोळे मी पाहिले नव्हते, पण तेही कोरडे राहिले नसतील.

इतक्यात माझी मुलगी माझा डबा घेऊन आली. पाडव्यासाठी ती घरी होती. तिने बाईंना नमस्कार केला, मला त्याची गरज वाटली नाही. मग तिने मसुदा वाचला, माझा पेन घेतला आणि माझी विशेषणे एकेक करत खोडली. दुसरा परिच्छेद तर तिने उभी रेघ मारून पुरा काढला. उरले एवढेच, की रुखवतातील गुऱ्हाळ व त्यातील सर्व पोशाख यांची कल्पना, कटाई आणि शिलाई या विद्यार्थिनीची आहे.

मी तिला बाजूला घेऊन म्हणालो की ही बाई आता आपल्या हातात आहे, अशी संधी पुन्हा येणार नाही. ती म्हणाली, "परीक्षकांना माझं काम बघायचंय, आप्पा. आणि त्यांच्या मुलीला सासरी राहायचंय. तिनं माझं काय केलं?" मला तिचे म्हणणे पटले असे नाही. पण प्रमाणपत्र तिचे होते आणि वर्षही तिचे होते, म्हणून मी तो कागद तसाच बाईंपुढे सरकवला.

नवे रुखवत करून देण्याला मात्र तिने नकार दिला. बाईंना ती म्हणाली, "मी करून देणार नाही. तुमची मुलगी आमच्याकडे येऊन बसली तर शिकवीन."

बाई म्हणाल्या, "तिला कुठं जमणार हे?"

"मलाही जमत नव्हतं," मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या छापील कागदावर, सही-शिक्क्यासह, ते प्रमाणपत्र आले. फोटो सुभेदारांच्या पुढच्या खोलीत काढले. माझी मुलगी कॉलेजसाठी त्यांच्या सुनेच्या कलेचा अभ्यास करायला आली आहे असे समजून वहिनींनी तिला सरबत दिले, आणि सून खाली मान घालून एकेक बाहुली उजेडात धरत राहिली. वहिनींना खरे सांगण्याची संधी माझ्यापुढे तीन-चार वेळा येऊन गेली. ती सोडण्याचे माझे कष्ट कोणी जाणणार नाही. पुढे परीक्षकांनी फोटोंत ते गुऱ्हाळ पाहिले, मुलीला पुष्कळ प्रश्न विचारले आणि तिचे वर्ष वाचले. ती पदवी आता भिंतीवर आहे. गल्लीतले लोक येतात तेव्हा त्यांना तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसवतो.

तथापि माझा हिशेब प्रमाणपत्राने पुरा झाला नव्हता. तो पुरा झाला शिकवणीच्या पहिल्या दुपारी.

मी बाईंना निरोप दिला होता की पहिल्या दिवशी मुलीला पोचवायला आईने यावे, तशी आमच्याकडे रीत आहे. अशी रीत आमच्याकडे नाही. त्या दुपारी मी टेबलावर गेलो नाही, आणि बाहेरच्या खोलीतल्या दोन्ही खुर्च्या उचलून माजघरात नेऊन ठेवल्या. सासूला मशीनवर हात बसवायला जाते असे सांगून सून आली. बाई तिच्या मागोमाग आल्या आणि दारात उभ्या राहिल्या, कारण बसायला काही नव्हते. माझ्या मुलीने सतरंजी अंथरली, सुनेला शेजारी बसवले, पाण्याचा तांब्या पुढे केला. चहा तिनेच केला. तो सुनेकडून करवून घ्यावा असे मी सुचवले होते, पण तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी विषय वाढवला नाही.

मग तिने सुनेच्या हातात इरकलीचा तुकडा दिला, काठ कसा दुमडायचा ते दाखवले आणि धावदोरा घालायला सांगितले. सुनेने जीव लावून घातला. पुरा झाल्यावर तिने तुकडा पुढे केला. माझ्या मुलीने तो खिडकीकडे धरून पाहिला, परत तिच्या मांडीवर ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "उसव. परत घाल."

मी बाईंकडे पाहिले. त्यांनी दाराची चौकट धरली होती. त्यांनीही ते शब्द ओळखले. त्या वळल्या आणि उन्हातून मोटारीपर्यंत चालत गेल्या, आणि मी ओसरीवर उभा राहून त्यांना मोटारीत बसेपर्यंत पाहिले. त्याआधी कित्येक महिने लागली नव्हती इतकी चांगली झोप मला त्या दुपारी लागली.

मुलगी आजही म्हणते की तिच्या मनात तसले काही नव्हते, टाका वाकडा होता आणि तो कुठे वाकडा होता हे तिने सुनेला नंतर बोट लावून दाखवले. असेल. मी तो टाका पाहिलेला नाही, आणि पाहण्याची माझी इच्छाही नाही.